मायचा उन्हाचा लेप

वैशाखात जानेफळला कोणी हौसेनं जात नाही. मी गेले, कारण माय वारून दोन महिने झाले होते आणि तिच्या एका कागदावर गावचा शिक्का लागत होता. शिक्का पंधरा मिनिटांत मिळाला. परतीची गाडी तीनला होती. मधल्या वेळात पाय आपोआप आमच्या जुन्या घराकडे वळले. दोन खोल्या, वर टिनं, पुढे शेणानं सारवलेला ओटा. घर आम्ही कधीच विकलं होतं. आता तिथं राहणारी बाई ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं नाही, पण मायचं नाव सांगितल्यावर सूप बाजूला ठेवून उठली.

"पंचफुलाबाईची पोरगी का तुमी? या ना, बसा. थे कोरफड तुमचीच हाये, पाहा किती माजली."

मोरीच्या कडेला मायनं फुटक्या घमेल्यात लावलेली कोरफड आता घमेलं फोडून भिंतीपर्यंत गेली होती. मी वाकून एक पान तोडलं आणि सवयीनं उभं धरलं. तोडलेल्या टोकातून पिवळं पाणी थेंब थेंब गळायला लागलं. त्याचा तो कडू, हिरवा, नाकात चढणारा वास आला.

"थे पिवळं गळू दे पह्यले," माय म्हणायची. "घाई केली त खाज सुटते. ज्याले थांबता येत नाही त्यानं कोरफडीले हात लावू नाही."

आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडरवर यायचा नाही. पळस फुलला की माय टोपलं घेऊन गावामागच्या गढीकडे जायची. तिथं पांढरीची माती मिळे. गावातल्या बाया त्या मातीनं चूल पोतायच्या, केस धुवायच्या. माय तिचा लेप करायची. आणलेली माती आधी सावलीत वाळवायची, कुटायची, मग माठात भिजवून काठीनं ढवळायची. खडे तळाशी बसले की वरचं दुधासारखं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायची. तेही निवळू द्यायचं. असं तीनदा. शेवटी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून जे उरायचं ते ताटात वाळत ठेवायची. वाळल्यावर ते बोटांत धरलं तर भाकरीच्या पिठाहून मऊ लागे. तरी माय आधी ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघायची. जरा कुठं कचकच लागली की पुन्हा माठात.

"एक खडा राह्यला त कोनाचं तरी सालटं काढीन."

काचेच्या बरणीत तिळाचं तेल असे आणि त्यात वाळ्याची मुळं बुडवून ठेवलेली. बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात, पाण्याच्या माठाशेजारी. झाकण उघडलं की सगळ्या खोलीत ओल्या गवतासारखा वास पसरे. सकाळी चहा व्हायच्या आत माय थाळीत माती घ्यायची, तेल सोडायची, बोटांनी मळायची. तोवर मायच्या मजुरीच्या टोळीतल्या बाया ओट्यावर येऊन बसलेल्या असत. आठ-नऊ जणी. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला, धसकटं वेचायला, नाहीतर भुईमुगाच्या शेंगा तोडायला निघालेल्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला दस्तीचा रुमाल, हातात भाकरीचं गाठोडं.

माय प्रत्येकीला स्वतःच्या हातानं लेप लावायची. नाकाचा शेंडा, गालांची हाडं, मानेचा मागचा भाग, हाताची पाठ. शेवटी कानाच्या पाळ्या.

"कान इसरू नका व बाया. ऊन चोर हाये. मांगून येते."

लेप वाळला की सगळ्या जणी राखेनं माखल्यासारख्या दिसत. एकमेकींकडे पाहून हसायच्या. हसलं की लेपाला भेगा पडत, मग माय रागवायची. पण तिचा लेपावर आंधळा भरवसा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. नवीन बाई टोळीत आली की तिला ती आधी बजावायची, "पह्यले कापड, मंग सावली, मंग माती. मातीच्या भरवशावर दुपारच्या उन्हात उभी राह्यली त माती काय, देव बी वाचवत नाही." आणि बारा ते तीन ती टोळीला कामाला हात लावू द्यायची नाही. मुकादम ओरडायचा. माय बाभळीखाली दस्ती तोंडावर घेऊन आडवी व्हायची आणि आतूनच म्हणायची, "वरडू दे. त्याचं तोंड सावलीत हाये."

संध्याकाळ वेगळ्या वासाची. परतलेल्या बाया पुन्हा ओट्यावर टेकायच्या. आल्या आल्या कुणी तोंडावर पाणी मारायचं नाही. आधी घाम सुकू द्यायचा. मग ओल्या फडक्यानं लेप हळूच पुसून घ्यायचा, घासायचा नाही. ज्यांची कातडी नुसती तापलेली असे त्यांना गार ताक, टरबूज कापलं असेल तर सालीचा पांढरा भाग. ज्यांची लाल झालेली असे त्यांना कोरफडीचा गर. आंबूस ताक, तीळ, कोरफड, घाम आणि ओली माती, असा सगळा मिळून एक वास होता. तो आमच्या गोधड्यांना होता, माझ्या शाळेच्या दप्तराला होता, माझ्या वेणीला होता.

मला तो वास नको होता.

सोळाव्या वर्षी मी मायला माझ्या तोंडाला लेप लावू देणं बंद केलं. अठराव्या वर्षी, बारावीच्या परीक्षेनंतर, मला वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात भाषण करायचं होतं. मी बरं बोलायचे. शाळेत बक्षिसं मिळाली होती. भाषणाची तयारी ऐकायला बसलेल्या बापाच्या चुलत बहिणीनं, आमच्या आत्याबाईनं, माझ्यासमोरच मायला सांगितलं, "पोट्टी बोलते वकिलावानी. रंगानं मार खाल्ला पन."

मायनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "रंग माह्या घरचा हाये. तुमच्याकडून उसना नाही आनला."

आत्याबाई हसली. मी मात्र तिचं वाक्य पोटात घेऊन झोपले.

माझी मैत्रीण अर्चना पाटलांच्या घरची. त्यांच्याच शेतात मायची टोळी कामाला जायची. मी अर्चनाला गणितं सोडवून द्यायचे. ओसरीच्या पायरीवर बसून. आत कधी गेले नाही, कुणी ये म्हटलं नाही. मायचा चहाचा कप त्यांच्या गोठ्याच्या खिडकीत उपडा असायचा. दांडी तुटलेला, निळ्या फुलांचा. माय तो स्वतः काढायची, पिऊन झाला की स्वतः विसळून पुन्हा तिथंच ठेवायची. मी लहानपणापासून हे बघत आले होते, म्हणून त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

अर्चनाला पाहायला मुलाकडचे येणार होते. तिच्या मामीनं शहरातून गोरं करणाऱ्या क्रीमच्या दोन छोट्या गुलाबी ट्यूबा पाठवल्या होत्या. अर्चनानं त्यातली एक माझ्या हातात ठेवली. "रोज रात्री लाव. आठ दिवसांत पाह्य. तुह्या मायले नको सांगू."

आठ दिवसांत खरंच फरक पडला. पंधराव्या दिवशी शेजारच्या बाया मला थांबवून विचारायला लागल्या. मी आरशासमोरून हलत नव्हते. मायनं फक्त एकदा माझी हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली आणि सोडली.

मग जयंतीच्या आठवडाभर आधी मी दुपारी सायकलवर बाजारात गेले. परत येईपर्यंत तोंड तव्यावर ठेवल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी गाल सुजले, लाल झाले, बारीक फोड आले, त्यातून पाणी यायला लागलं. मी ओढणी तोंडावर ओढून कोपऱ्यात बसले. माय कामावरून आली, ओढणी बाजूला केली आणि पुन्हा माझी हनुवटी उजेडाकडे फिरवली.

"काय लावत होती?"

मी ट्यूब काढून दिली. तिला वाचता यायचं नाही. तिनं झाकण उघडून वास घेतला, थोडी मनगटावर चोळली, लगेच धुतली.

मला वाटलं आता माती येईल, कोरफड येईल. माय म्हणाली, "चाल मेहकरले."

"लेप नाही लावत?"

"उघड्या जखमेले कोनी माती लावते का? मले जेवढं समजते तेवढंच समजते."

मेहकरच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहून कपाळावर हात मारला. ती बंद करा म्हणाले, ऊन बंद, साबण बंद, घरचं काही लावू नका, मी देतो तेवढंच. मायनं विचारलं, "थंड पाण्याची पट्टी चालते का, साहेब?" ते म्हणाले, "ती चालेल." माय मान हलवून उठली. पुढचे चार दिवस तिनं कामावर खाडा केला. मांजरपाटाचं फडकं उकळून, वाळवून घेतलेलं. माठातलं पाणी. पट्टी गरम झाली की बदलायची. अर्धवट झोपेत मला फडकं पिळल्याचा आवाज ऐकू यायचा, पाणी परत भांड्यात पडायचा, आणि तेवढ्यापुरती आग थांबायची.

तिसऱ्या दिवशी पाटलांकडची भांडेवाली दारात आली. अर्चनाचं तोंडही तसंच झालं होतं. घरी त्यांनी लिंबू लावून पाहिलं होतं, बेसन लावून पाहिलं होतं, वर आणखी तीच ट्यूबही. पाहुणे चार दिवसांवर आले होते.

"पाटलीनबाईनं लेप मांगतला," भांडेवाली म्हणाली. "वाटीभर दे म्हने."

माय माझ्या कपाळावरची पट्टी बदलत होती. "लेप असा वाटीत जात नाही म्हना. तोंड पाह्यल्याबिगर मी काही देत नाही. पोरीले घेऊन या म्हना."

"इथं?"

"मंग कुठं? माह्या ओट्यावर."

भांडेवाली अडखळत गेली. मी मायला म्हटलं, "त्या येणार नाहीत." माय म्हणाली, "नाही आल्या त नाही आल्या. पोरीची आग त्यायले दिसत असन त येतीन."

पाटलीणकाकू, अर्चनाची आई, दुपारी आल्या. रस्त्यावर माणूस नसतो अशा वेळी, डोक्यावरून पदर घेऊन. मागे अर्चना, ओढणीत तोंड लपवलेली. पाटलीणकाकू ओट्याखाली उभ्या राहिल्या. त्या कधी आमच्या गल्लीत आल्याचं मला आठवत नव्हतं. माय बाहेर आली, अर्चनाच्या तोंडावरची ओढणी बाजूला केली, तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. सावलीत, माझ्या शेजारी.

"याले लेप नाही लागत बाई," माय म्हणाली. "मातीनं चिघळीन हे. लिंबू लावलं कोनी? मी त माह्या तोंडाले बी लिंबू नाही लावनार. ट्यूब पह्यले फेका, आन उद्या मेहकरले न्या डॉक्टरकडे. आज मी पट्टी ठेवतो."

तिनं फडकं बुडवलं, पिळलं आणि अर्चनाच्या गालावर ठेवलं. तिचा काळा, भेगाळलेला तळवा त्या पोरीच्या तोंडावर सगळाच्या सगळा टेकला. अर्चनानं डोळे मिटले. "अवमाय," ती म्हणाली, "किती गार."

पाटलीणकाकू उन्हातच उभ्या होत्या. मग ओट्याच्या काठावर टेकल्या. मग आत सरकल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पंचफुला, पानी दे वो जरा."

माय फडकं पिळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "माह्ये हात गुतले बाई. माठ तिथं हाये, गिल्लास उपडा हाये. घ्या."

मला ओट्यावरून तो माठ दिसत होता. मला उठता आलं असतं. मी उठले नाही. काकू माठाकडे बघत राहिल्या. त्यांच्या ओठांवरचे पापुद्रे मला दिसले. मग त्या उठल्या, उंबऱ्याच्या आत गेल्या, वाकून माठात ग्लास बुडवला आणि उभ्यानंच प्यायल्या. पुन्हा बुडवला. दुसरा ग्लास त्यांनी सावकाश प्यायला.

जाताना त्या म्हणाल्या, "तुले काय देऊ?"

"काही नोको. पोरीले उन्हात नका काढू. आन पाहुण्यायले सांगा, आता नका येऊ."

पाहुणे आलेच. अर्चना तशाच सोललेल्या तोंडानं त्यांच्यासमोर बसली आणि त्यांनी नकार दिला. अर्चनानं मला पुढे सांगितलं, तिला त्या रात्री छान झोप लागली.

पुढच्या आठवड्यात माय पाटलांच्या शेतात कामाला गेली तेव्हा तिच्यासाठी चहा आला तो घरातल्या कपात. पांढरा, सोनेरी काठाचा. काकूंनी स्वतः आणला. माय म्हणाली, "नोको बाई. मी घरून पिऊन आली."

त्यानंतर तिनं त्या घरी कधी चहा घेतला नाही. काम केलं, बोलली, अर्चनाच्या लग्नात दोन दिवस राबली. चहा नाही. मी एकदा विचारलं, "माय, त्यायनं त घरातला कप देला ना?"

"देला," माय म्हणाली. "बारा वर्स काऊन नाही देला, थे कोनी सांगतलं नाही. थे सांगतीन तवा पिऊ."

जयंतीच्या सकाळी माझ्या तोंडाची सालं निघत होती. काही ठिकाणी खालची गुलाबी कातडी, काही ठिकाणी काळे डाग. मांडव घातला होता, ध्वज चढला होता, लाउडस्पीकरवर वंदना सुरू होती. मी म्हटलं, मी जात नाही.

"काऊन व?"

"तोंड पाह्य ना माहं."

"तोंड पाहूनच राह्यली. बोलाचं तोंडानंच हाये ना? त हाये तोंड. चाल."

तिनं मला धुतलेली पांढरी साडी नेसवली. डोक्यावर पदर घ्यायला मी हात वर केला, तो तिनं खाली ओढला. मी माईकसमोर उभी राहिले तेव्हा पुढच्या रांगेतली कुजबुज मला ऐकू आली. आत्याबाईनं शेजारणीच्या कानात काही सांगितलं. पाठ केलेलं भाषण दुसऱ्या ओळीत तुटलं. आणि मग मी जे घडलं तेच सांगायला लागले. ट्यूब कुठून आली, कशी लावली, तोंड कसं जळलं. का लावली तेही सांगितलं, आत्याबाईकडे न बघता. कुणी हसलं नाही. मागे मायची टोळी बसली होती, त्यातून एक बाई ओरडली, "बोल बाई, बोल!" माझा आवाज तेव्हा कुठं मोकळा झाला. मी म्हटलं, आम्ही उन्हात काम करून शिकलो, उन्हात चालून शाळेत गेलो, आणि ज्या रंगानं हे सगळं केलं त्याच्यावर मी रात्री दार लावून विष चोळत होते. यापुढे नाही.

त्या आठवड्यात तीन पोरी गुपचूप आमच्या ओट्यावर आल्या. तिघींच्या मुठीत गुलाबी ट्यूब होती. मायनं तिघींची तोंडं उजेडाकडे फिरवून पाहिली. एकीला मेहकरला धाडलं, दोघींना सांगितलं, "तुमचं अजून वाचलं हाये. बंद करा." आणि ट्यूबा उकिरड्यात खोल गाडल्या, कुण्या लेकराच्या हाती लागू नये म्हणून.

पुढे मी कृषी सहायक झाले, नांदुऱ्याकडे बदली झाली, मायला घेऊन गेले. दिवसभर शिवारं तुडवायची नोकरी. मी पूर्ण बाह्या घालते, दस्ती बांधते आणि दुकानातलं पांढरं सनस्क्रीनही लावते. पहिल्यांदा आणलं तेव्हा मायनं बोटावर घेऊन मनगटाच्या आत चोळलं. "कचकच नाही," ती म्हणाली. "चांगलं गाळलं कोनी तरी." तिला ते पसंत होतं. तिचा राग लावण्यावर नव्हताच कधी. उन्हात जळू नये म्हणून लावा, संध्याकाळी आग झाली म्हणून लावा. स्वतःची लाज वाटते म्हणून काही लावायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

जानेफळहून परतताना मी त्या बाईकडून कोरफडीची दोन रोपं घेतली, ओल्या पोत्यात गुंडाळून. नांदुऱ्याला उतरले ती थेट फोटो स्टुडिओत गेले. मायच्या एका जुन्या फोटोवरून मोठा फोटो करायला दिला होता, विहारात लावायला. काउंटरमागच्या गृहस्थांनी मोठ्या अभिमानानं तो कॉम्प्युटरवर दाखवला.

पडद्यावर एक गोरी, गुळगुळीत, अनोळखी बाई होती. मायच्या साडीत.

"हे कोण?" मी विचारलं.

"तुमच्या आईच ना ताई. फोटो जुना होता, जरा साफ केला. सगळ्यायचाच करतो. लोकाइले आवडते."

"मला नाही आवडत. परत काळी करा."

ते चपापले. आजवर कुणी असं म्हटलं नसावं. माउस हलवून त्यांनी रंग थोडा उतरवला. "बस?"

"अजून."

"ताई, मंग भिंतीवर उठून नाही दिसणार."

"अजून करा."

त्यांनी अजून केला. गालांची हाडं वर आली, डोळ्यांखालच्या सुरकुत्या आल्या. "आता?"

"कपाळावर एक रेघ होती," मी म्हटलं. "दस्ती बांधायची तिथवर. वरचं फिक्कं, खालचं काळं. ती तुम्ही पुसली."

"थे डाग होता ना?"

"डाग नाही तो. तिनं उन्हात काढलेली चाळीस वर्षं आहेत ती. तेवढी ठेवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली, मूळ फोटो पुन्हा उघडला आणि हळूहळू, एकेक बोट जागा मोजत, ती रेघ जशी होती तशी परत आणायला लागले. मी काउंटरवर हात टेकून उभी राहिले. मधे दोनदा त्यांनी विचारलं, "बस ना ताई?" दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. पडद्यावरची माय माझ्याकडे बघत होती, हनुवटी जरा वर, मुकादमाकडे बघायची तशी.

"हाव," मी म्हटलं. "आता प्रिंट काढा."